ओ, यू, जी, एच

रविवारी संध्याकाळी मी परातीत कणीक मळत होते आणि भाची समोर वही उघडून बसली होती. शाळेत इंग्रजीचं श्रुतलेखन झालं होतं. दहापैकी चार गुण, सहा शब्दांवर लाल फुली. त्या सहाही शब्दांत तीच चार अक्षरं चुकली होती: ओ, यू, जी, एच. ‘थ्रू’ तिने टी-एच-आर-यू असा लिहिला होता, ‘टफ’ टी-यू-एफ, आणि भिजवलेल्या कणकेचा ‘डो’ डी-ओ-डब्ल्यू. कानांनी ऐकलं ते तिने प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं होतं.

“मावशी, जे बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला?” तिने विचारलं. आवाजात रडू दाटलं होतं.

तिचं रडू मला समजत होतं. हीच चार अक्षरं ‘दो’मध्ये ओ होतात, ‘थ्रू’मध्ये ऊ, ‘टफ’मध्ये अफ, ‘कॉफ’मध्ये ऑफ, झाडाच्या फांदीच्या ‘बाउ’मध्ये आउ आणि ‘थॉट’मध्ये नुसता ऑ. आम्ही मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवायला लागलो, तेव्हा यावर एकच उत्तर मिळायचं: पाठ करा. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलं चार वर्षं आधी शिकू लागली, पण या प्रश्नाला उत्तर बहुतेक वेळा तेच मिळतं. हे उत्तर मुलांवर अन्याय करतं असं मला मनापासून वाटतं, कारण या अक्षरांमागे एक गोष्ट आहे आणि ती सहावीतल्या मुलीला सहज कळते.

जीएच हा एके काळी खराखुरा आवाज होता. घशातून घासून येणारा ख, गझल गाणारे ‘ख़त’ म्हणताना काढतात तसा. स्कॉटलंडमध्ये तळ्याला ‘लॉख’ म्हणताना तो अजून ऐकू येतो. जर्मन माणूस रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो आणि मुलीला ‘टोख्टर’. इंग्रजीतले नाइट आणि डॉटर हे त्यांचेच भाऊबंद. त्यांच्यातला जीएच आज मुका आहे, पण हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये तो आवाज लोकांच्या तोंडी होता आणि लिहिताना तो नुसत्या एचने दाखवत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाताखाली लिहिण्याच्या रीती बदलत गेल्या आणि पुढे त्या आवाजासाठी जी आणि एच ही जोडी रूढ झाली.

१४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाई वाढली तशी शब्दांची रूपं हळूहळू ठरत गेली आणि पुढच्या दोन-अडीच शतकांत स्पेलिंग घट्ट बसलं. नेमकं याच काळात बोलणं मात्र झपाट्याने बदलत होतं. दीर्घ स्वर आपल्या जागा सोडत होते. घशातला तो ख काही शब्दांत विरून गेला, तर काहींत ओठांवर येऊन फ झाला: टफ, कॉफ, लाफ, इनफ. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे उच्चार चालायचे. त्यातला एका शब्दाला एक चिकटला, दुसऱ्याला दुसरा. बोली पुढे निघून गेली, लिपी मागे राहिली.

‘थ्रू’ आणि ‘थरो’ तर मुळात एकच शब्द. अर्थ आरपार. ठासून म्हणताना त्यात एक स्वर वाढला आणि ‘थरो’ वेगळा निघाला. काम आरपार केलं म्हणजे कसून, पूर्ण केलं. हे कळल्यावर त्या दोन शब्दांची स्पेलिंगं जुळी का दिसतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

भाचीला सगळ्यात आवडला तो मात्र माझ्या हातातलाच शब्द. ‘डो’ ज्या प्राचीन धातूपासून आला त्याचा अर्थ मळणं, लिंपून आकार देणं. त्याच मुळापासून संस्कृतात ‘दिह्’ हा धातू आला आणि त्यातून ‘देह’. म्हणजे इंग्रजांची कणीक आणि आपला देह एकाच मातीचे. ‘डो’मधला जीएच जिथे आहे तिथेच ‘देह’मधला ह आहे. ‘डॉटर’मध्ये जीएच आहे तिथे ‘दुहिता’मध्ये ह. ‘नाइट’ म्हणजे आपलं ‘नक्त’, दिवसभर उपास करून रात्री सोडायचं ते आजीचं नक्त. ‘एट’ म्हणजे ‘अष्ट’. ज्या अक्षरांवर लाल फुली पडली, त्यांच्यातच आपल्या भाषेशी असलेलं नातं शाबूत आहे.

हे सांगताना मला आमच्या परातीकडे बोट दाखवावं लागलं. परात आजीची, पितळेची. काठावर नाव घातलेलं आहे आणि त्याखाली ‘मु. वडगांव’. ‘गां’वरच्या त्या अनुस्वाराचा उच्चार आज आपण करत नाही. तो ‘ग्राम’मधल्या म ची खूण आहे. ‘नाम’चा म तसाच ‘नांव’मध्ये टिंब होऊन राहिला होता. १९६२ मध्ये राज्य शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार लेखनातून गेले. लाखो मुलांचं लिहिणं त्यामुळे सोपं झालं आणि ते योग्यच झालं. पण त्या टिंबाबरोबर ग्राम आणि गाव यांची गाठ डोळ्यांआड झाली, हेही खरं. इंग्रजीने ती गाठ ठेवली आणि लिहिणं कठीण राहू दिलं. दोन्ही भाषांनी काही कमावलं, काही गमावलं.

म्हणून शिक्षकांना आणि घरच्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हे शब्द अकारविल्हे घोकायला देऊ नका. जिथे ख चा फ झाला त्यांचा एक गट करा, जिथे तो विरला त्यांचा दुसरा. आणि एकदा तरी मुलांना तो जुना आवाज तोंडाने काढू द्या. चुकलेल्या मुलाला एवढं कळू द्या की त्याचा कान बरोबर होता, फक्त शब्द त्याच्यापेक्षा खूप जुना आहे.

आम्ही तसंच केलं. मी पोळ्या लाटत होते आणि ती वहीत दोन रकाने आखून, घसा खरवडून ‘डोख’, ‘टोख’ म्हणत एकेक शब्द लिहीत होती. सहाही शब्द तिने न बघता लिहिले.

जेवणं झाल्यावर तिने परात विसळली आणि पुसताना थांबली. काठावरच्या टिंबावर बोट ठेवून तिने आधी ‘वडगाव’ म्हटलं. मग तोच शब्द नाकातून पुन्हा म्हणून पाहिला आणि विचारलं, “पणजी असं म्हणायची का गं?”