कागदी कपातले औदार्य

घर बांधायला काढलेल्या माणसाला सल्लागारांची वाण नसते. सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, विटा भट्टीवर जाऊन पाहाव्यात की नाही, याविषयी प्रत्येकाचे मत ठाम असते. या सल्ल्यांच्या ओघात एक प्रश्न हमखास निघतो : कामावरच्या लोकांना चहा किती वेळा द्यावा आणि स्लॅब पडला की बक्षीस किती द्यावे? यावर लगेच दोन तट पडतात. एक तट बजावतो, "एकदा सवय लावलीत की डोक्यावर बसतील." दुसरा तट माणुसकीचा दाखला देतो आणि वर हळूच सांगतो की चहा पाजला तर कामही चांगले होते. भांडण मोठे दिसते. पण मुळातल्या एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. चहा द्यायचा की नाही, बक्षीस किती, कधी आणि कोणाला, हे सारे मालकाच्या मर्जीवर आहे, असे दोघेही धरून चालतात. माझा आक्षेप या मर्जीला आहे. मी स्वतः दुसऱ्या तटातला होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

आपण साहित्याची माणसे, म्हणून शब्दांपासून सुरुवात करू. 'चहापाणी' हा शब्द पाहा. घराचा नकाशा मंजूर करून घेताना कचेरीतल्या टेबलावर तो उच्चारला जातो, तेव्हा त्याचा अर्थ लाच असा असतो. तोच शब्द बांधकामावर उच्चारला की त्याचा अर्थ औदार्य. शब्द तोच, खिसाही तोच. पैसा वरच्या दिशेने गेला तर आपण चडफडतो आणि खालच्या दिशेने गेला तर स्वतःवरच प्रसन्न होतो. 'मजुरी' आणि 'बक्षीस' हे दोन्ही शब्द मराठीने फारसीतून घेतले. पण मजुरीत घेणाऱ्याचा हक्क आहे, बक्षिसात देणाऱ्याची खुशी. आता एक साधी परीक्षा करून पाहू. घराचा आराखडा काढणाऱ्या वास्तुविशारदाला स्लॅबच्या दिवशी बक्षीस द्यावे, असे कोणाच्या मनात येते का? त्याची फी ठरते आणि ती दिली जाते. ज्याच्या मोबदल्यात घासाघीस करताना आपल्याला संकोच वाटतो, त्याला आपण बक्षीस देत नाही. ज्याचा रोज आपण दहा-वीस रुपयांनी खाली ओढलेला असतो, त्यालाच ते देतो. रोजातून कापलेले नोटांच्या रूपाने परत करायचे आणि वर त्याबद्दल नमस्कारही घ्यायचा!

कोणी म्हणेल, ही आपली जुनी रीत आहे, त्यात आपुलकी असते. जुन्या रीतीविषयी बोलायचे तर पुरते बोलावे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. सुताराचे, लोहाराचे, महाराचे बलुते हा म्हणायला हक्क होता. पण प्रत्यक्षात खळ्यावर माप कुणबी घाली आणि माप हलके की भारी हे त्याच्या हातात असे. कामाला मोजमाप नव्हते, मोबदल्याला हमी नव्हती आणि नाही म्हणण्याची सोय तर मुळीच नव्हती. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख रकमेची तरतूद हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. पोट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल तर मान ताठ राहत नाही, हे त्यामागचे साधे सत्य होते. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. आपण मात्र बलुत्यातली मर्जी तेवढी उचलून सिमेंटच्या घरात आणून ठेवली आहे.

आता कपाविषयी. आमच्या आजोळी मजुरांचा चहा कान तुटलेल्या कपातून येई आणि तो कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असे. असे कप आता कुणाच्या घरी दिसत नाहीत, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मलाही वाटे. माझ्या घराचे काम चालू असताना आम्ही शेजारीच भाड्याने राहत होतो. सकाळी दहाला आणि दुपारी चारला किटली जाई आणि तिच्याबरोबर कागदी कपांची चळत. अभियंता आला की मात्र चहा बशीसकट, चिनी मातीच्या कपातून. कागदी कप सोयीचे, धुवायला नकोत, असे आमचे म्हणणे होते. मग अभियंत्याचा कप कोण धूत होते? वेगळा कप ठेवला तर जात दिसते. कप फेकूनच दिला तर कोनाडाही लागत नाही आणि प्रश्नही उरत नाही. कान तुटलेल्या कपाला निदान लाज तरी होती.

त्या कामावर दोन बिगारी बाया होत्या. त्यांतली एक पाटी वाहणारी, पन्नाशीला टेकलेली बाई दुपारचा चहा कधीच घेत नसे. सगळ्यांना वाटून देई आणि स्वतः बाजूला बसे. आम्ही तर्क केले : उपास असेल, पित्त होत असेल, लाजत असेल. माझ्या पत्नीने महिन्याभराने आग्रहच केला, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "वैनी, च्या प्याला की मग जायाचं कुटं?" चहूबाजूंनी वस्ती होती आणि मोकळी जागा उरली नव्हती. ती सकाळपासून पाणीही मोजून पीत होती. त्या वेळी घरात दोन संडास बांधून तयार होते. त्यांच्या फरशा तिनेच डोक्यावरून वर नेल्या होत्या. फरशा खराब होऊ नयेत म्हणून दाराला कुलूप होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. महिनाभर मी दिवसातून दोनदा किटली पाठवत होतो आणि स्वतःला माणुसकीचा समजत होतो!

कायद्याने काय केले तेही पाहावे. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पिण्याचे पाणी, मुतारी आणि शौचालय यांची तरतूद होती. मात्र स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळले होते. २०२० च्या नव्या संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. म्हणजे आपल्यासारखे शिक्षक आणि प्राध्यापक जी घरे बांधतात, त्यांतली बहुतेक कायद्याच्या दाराबाहेरच राहतात. कायदा जिथे थांबतो तिथे माणुसकी सुरू व्हावी, अशी अपेक्षा असणार. आपण तिथे किटली सुरू करतो.

वास्तुशांतीला आम्ही गवंड्याला आणि सुताराला टॉवेल, टोपी, नारळ दिला. चौकट बसवणाऱ्याचा मान असतो, भिंत उभी करणाऱ्याचा असतो. पाटी वाहणारीचा कोणताही मान आपल्या रूढीत नाही. खण-नारळ पाहुण्या सवाष्णींना गेले. त्या बाईला जेवायला बोलावले होते; पण ती आली नाही. तिला त्या दिवशी दुसऱ्या कामावर रोज मिळाला होता. तिच्या दृष्टीने तिचा निर्णय बरोबर होता. आमच्या शेवटच्या पंगतीपेक्षा तो रोज अधिक खात्रीचा होता.

चहा देऊ नका, असे मी म्हणत नाही. दारी आलेल्याला गूळपाणी देणारी आपली संस्कृती आहे आणि उन्हात राबणाऱ्याला घोटभर चहा नाकारणारा करंटाच. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी देणे, मग दान. बायांना पुरुषांइतका नाही तरी निदान ठरलेला रोज ठरल्या वारी, ठेकेदाराच्या हातात न अडकता मिळतो की नाही ते पाहावे, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ही 'नाही तरी' हीच पुन्हा मर्जी झाली. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, म्हणून रोज समानच हवा. पाया खोदण्याआधी पाण्याची आणि आडोशाच्या संडासाची सोय हवी. चहा ज्या कपातून आपण पितो त्याच कपातून हवा आणि तो कप आपण धुवावा. एवढे झाल्यावर कोणाला बक्षीस द्यावेसे वाटले तर खुशाल द्यावे. मात्र त्याचा ललित लेख करू नये.

हा लेखही त्याच जातीचा आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. नव्या घरातले ते दोन्ही संडास आता आम्ही वापरतो. फरशा अजून कोऱ्या दिसतात.