बसने कोण जातं?

आधीच एक डिस्क्लेमर. माझं शिक्षण नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की दोन रुपये फाईन असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. (मराठी विभागाला लेख कमी पडतायत अशी आतली खबर आहे, त्यामुळे घालतीलच!)

तर डिसेंबर २०२४ मध्ये सेम संपल्यावर मी बारा दिवस आत्याकडे गेले होते. आत्या, काका आणि माझा पंधरा वर्षांचा आत्येभाऊ शारजाच्या अल नाहदामध्ये राहतात. अल नाहदा दोन आहेत बरं का! रस्त्याच्या अलीकडचं शारजात, पलीकडचं दुबईत. अलीकडे भाडं कमी, म्हणून आपली बरीच माणसं अलीकडे राहतात आणि रोज पलीकडे कामाला जातात.

पोचल्या दिवशीच मी विचारलं, "काका, इथे बसचं कार्ड कुठे मिळतं?"

काका मनापासून हसले. "बसने कोण जातं इथे? शनिवार-रविवार मी नेईन ना सगळीकडे."

आता माझ्या बारा दिवसांत शनिवार-रविवार येऊन येऊन किती येणार? दोन दिवस मी गॅलरीतून पार्किंग लॉट बघितला. पांढऱ्या गाड्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी आत्येभावाला (त्याला विंटर व्हेकेशन होती) बरोबर घेतलं आणि चालत रस्ता ओलांडून दुबईत गेले. एका एमिरेटमधून दुसऱ्यात, पायी! व्हिसा नाही, नाका नाही, काही नाही. पुढे अल नाहदा मेट्रो स्टेशनपर्यंत चांगली तंगडतोड आहे. आत्येभाऊ सारखा म्हणत होता, "ताई, टॅक्सी करू या ना." जन्मापासून तिथे राहतोय, पण स्कूल बस सोडून दुसऱ्या बसमध्ये चढलेला नाही.

"गल्फमध्ये गाडीशिवाय फिरताच येत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी बसने फिरून बघितलंय, हा माझा साधा प्रश्न आहे. कारण आम्ही फिरलो. मस्त फिरलो!

स्टेशनवर नोल नावाचं कार्ड मिळतं. सिल्व्हर कार्ड २५ दिरहॅमचं, त्यातले १९ प्रवासाला वापरता येतात. (एक दिरहॅम म्हणजे तेव्हा साधारण तेवीस-चोवीस रुपये होते. गुणाकार करत बसलात तर पाणीसुद्धा पिणार नाही, हा अनुभव.) शहराचे झोन पाडलेत. एका झोनमध्ये ३ दिरहॅम, लगतच्या दोन झोनना ५, त्याहून लांब ७.५०. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासात बस पकडली तर तो एकच प्रवास धरतात. टॅक्सीत बसल्याबसल्या बारा-तेरा दिरहॅम जातात, त्यापुढे हे कितीतरी स्वस्त. ज्या बसचा नंबर 'एफ'ने सुरू होतो ती मेट्रो स्टेशनची फीडर, 'ई'ने सुरू होतो ती दुसऱ्या एमिरेटला जाणारी. एवढं पाठ केलं की झालं. बसस्टॉपला एसीच्या बंद खोल्या आहेत. शेख झायेद रोडसारखा समुद्राएवढा रस्ता ओलांडायला मेट्रो स्टेशनचेच एसी पूल वापरायचे, त्यात सरकते पट्टेसुद्धा. आणि खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी. एक दिरहॅम, रोख, नाखव्याच्या हातात. सगळ्या दुबईत मला सर्वांत आवडलेला प्रवास हाच!

मेट्रोची रेड लाईन ०९/०९/२००९ ला सुरू झाली, ग्रीन लाईन २०११ च्या सप्टेंबरात. ड्रायव्हर नाही. त्यामुळे पुढच्या काचेजवळ उभं राहिलं की रूळ थेट तुमच्या पोटात शिरल्यासारखे वाटतात. मात्र गाडीच्या एका टोकाला गोल्ड क्लासचा डबा असतो, म्हणजे एका दिशेला जाताना ही काच गोल्डवाल्यांची. गोल्डचं भाडं बरोब्बर दुप्पट. गाडी तीच, पोचायची वेळ तीच, एसी तोच. मग दुप्पट पैसे कशाचे? तर शेजारी कोण बसणार नाही, त्याचे. हे माझं मत आहे, गोल्डवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

सगळं गोडच आहे असं नाही. मी डिसेंबरात गेले म्हणून चालले. जूनमध्ये हीच तंगडतोड कुणी करून दाखवावी! तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी असते, यावरून काय ते समजा. शिवाय कार्डांचा घोळ. नोल दुबईचं. अबुधाबीला हाफिलात नावाचं वेगळं कार्ड, शारजाच्या सिटी बसचं आणखी वेगळं. इब्न बतूता स्टेशनहून ई१०१ पकडून आम्ही २५ दिरहॅममध्ये ऐटीत अबुधाबीला गेलो (हा इब्न बतूता चौदाव्या शतकात आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता, त्याला कार्ड लागलं नसावं), आणि तिथल्या सिटी बसमध्ये नोल दाखवून हशा पिकवला. चूक माझीच, आधी चौकशी करायला हवी होती.

आणि शारजाला मेट्रोच नाही. दुबईत कामाला जाणारी एवढी माणसं शारजात राहतात, पण मेट्रो हद्दीच्या अलीकडे थांबते. संध्याकाळी युनियन स्टेशनबाहेर शारजाच्या ई३०३ साठी लागलेली रांग बघितली आणि मला दादरचा पूल आठवला. फरक एवढाच की इथे कुणी ढकलत नव्हतं. बायकांची रांग वेगळी, त्यांना आधी चढू देतात. मी मुकाट्याने तो फायदा घेतला. (मे २०२५ पासून स्टेडियम स्टेशनहून शारजाला ई३०८ सुरू झालीय, १२ दिरहॅम. चांगलंच झालं, पण बसला अडकायचं त्याच ट्रॅफिकमध्ये.)

आता मुद्द्याचं. या रांगेत कोण होतं? सिक्युरिटी गार्ड, मॉलमधल्या मुली, वेटर, क्लार्क, प्लंबर. फिलिपिनो, नेपाळी, बंगाली, मल्याळी, पाकिस्तानी. आपल्या रत्नागिरीकडची दोन माणसंसुद्धा भेटली, कोकणी हेल ऐकून मीच मागे वळले. काकांच्या बिल्डिंगमधलं मात्र कुणी नव्हतं. "बसने कोण जातं?" हा काकांचा प्रश्न नव्हताच, ते उत्तर होतं. बसने 'ते' जातात.

आणि त्या 'ते'मध्ये माझे बाबा होते.

बाबा २००७ ते २०१४ दुबईत एसीच्या डक्टिंगचं काम करत होते. मी दोन वर्षांची असताना गेले, नऊ वर्षांची असताना परत आले. कुठे राहता विचारलं की म्हणायचे, "सोनापूरला." मला वाटायचं केवढं भारी नाव! सोन्याचं गाव! आजी मात्र प्रत्येक वेळी चरफडायची, कारण ती गिरगावची. मुंबईच्या जुन्या माणसांना सोनापूर म्हणजे मरीन लाईन्सचं स्मशान. "दुसरं नाव नाही मिळालं का मेल्यांना," असं ती फोनवरच म्हणायची. सरकारी नकाशात त्या भागाला मुहैसना-२ म्हणतात, पण तिथली माणसं सोनापूरच म्हणतात. कामगारांचे कॅम्प आहेत तिथे.

मेट्रो सुरू झाली तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "गाडीला ड्रायव्हरच नाही!" मी चार वर्षांची, ही गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगितली, कुणाला पटली नाही. मागाहून कळलं की बाबा तेव्हा मेट्रोत बसलेलेच नव्हते. कंपनीची बस पहाटे कॅम्पवरून साईटवर न्यायची, रात्री साईटवरून कॅम्पवर आणायची. सुट्टी फक्त शुक्रवारी, आणि तेव्हा शुक्रवारी मेट्रो दुपारनंतर सुरू व्हायची. ज्यांना आठवड्यात एकच मोकळा दिवस, त्यांची सकाळ गेली.

मला तिथे जायचं होतं. आत्याला सांगितलं नाही, आत्येभावाला सांगितलं. बाबांना फोन केला, तर त्यांनी सांगितलेला पत्ताच लागेना. "खालिद बिन वलीद स्टेशन" नकाशावर नाही, कारण त्याचं आता बुरजुमान झालंय. तिथे स्टेशनांची नावं कंपन्यांना विकतात, त्यामुळे जुन्या माणसाचं डोक्यातलं गाव पार चुकतं. (आपल्याकडच्यांना ही आयडिया कुणी सांगू नका.) शेवटी आम्ही आमचं आम्ही शोधलं. अल नाहदाहून ग्रीन लाईनने तिसरं स्टेशन एतिसलात, लाईनचं टोक. तिथून बस.

बसमध्ये पुढच्या सीटा बायकांसाठी असतात. त्यावर मी एकटीच होते. उतरलो तेव्हा चारचा सुमार. दोन-तीन मजली लांबलचक इमारती, गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले निळे डगले, एका टपरीवर कडक चहा. आणि बसेस! ओळीने उभ्या असलेल्या पांढऱ्या कंपनी बसेस, त्यातल्या कितीतरी अशोक लेलँडच्या. लेलँडचा तिथे रास अल खैमामध्ये कारखानाच आहे. एक सुरू झाली आणि मला आमच्या स्टँडवरची एसटी आठवली, हुबेहूब तोच घरघराट. बाबा घर सोडून एवढ्या लांब गेले, आवाज तोच ऐकत होते.

कुणी त्रास दिला नाही. बघत होते, पण बाजूला होऊन वाट देत होते. आत्येभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, हे आपल्या घरापासून इतकं जवळ आहे?"

मी 'शोषण, शोषण' म्हणून ओरडणार नाही. मला तो हक्क नाही. माझ्या कॉन्व्हेंटची फी याच कॅम्पमधून आली, मराठी बोलल्याचे दोन-दोन रुपयेसुद्धा. पण एवढं म्हणीन की ज्या शहराला ड्रायव्हरशिवाय गाडी चालवता येते, त्याला शहर घडवणाऱ्यांच्या दारापर्यंत ती नेता आली असती. नव्या ब्ल्यू लाईनवर ३० किलोमीटरमध्ये १४ स्टेशनं होणार आहेत, ९ सप्टेंबर २०२९ ची तारीखही ठरलीय. सोनापूर त्यात नाही. २०२४ च्या जानेवारीपर्यंत स्टेशनच्या खिडकीवर पाच दिरहॅमनेही कार्ड भरता यायचं. मग ते किमान २० झालं, ऑगस्टमध्ये ५०. गोल्डवाल्याला हा फरक कळणारसुद्धा नाही. महिनाअखेरीला ज्याच्या खिशात पंधरा दिरहॅम उरतात, त्याला कळतो.

आणि जे दुबईचं, ते आपलंही. माझ्या वर्गातल्या किती मुलांना बाईक मिळाल्यापासून बसचा नंबर आठवतो? आपण प्रोजेक्टमध्ये 'सस्टेनेबल अर्बन मोबिलिटी' लिहितो आणि व्हायव्हाला कॅबने येतो. मीही एकदा आलेय.

रात्री जेवताना आत्येभावाने सगळं सांगून टाकलं. काका चिडले. "त्याला तिथे न्यायचं काय कारण होतं?" मीही आवाज चढवून म्हणाले, "बाबा राहायचे तिथे, म्हणून!" पुढे कुणी बोललं नाही. काकांनी ताट अर्ध्यावर सोडलं नाही, पण भाजी परत घेतली नाही.

नंतर भांडी आवरताना आत्या म्हणाली, "तुझे बाबा शुक्रवारी यायचे ना इथे, दोन बस बदलून यायचे. ह्यांनी कितीदा म्हटलं, गाडी घेऊन न्यायला येतो. दादा म्हणायचा, तिकडे यायचं नाही. मी सात वर्षांत एकदाही गेले नाही गं. त्याने येऊच दिलं नाही."

काकांबद्दल जे मनात धरलं होतं ते मग जरा सैल झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ते कार्ड कुठे मिळतं म्हणालीस?" घेतलं की नाही, माहीत नाही.

बाबांना मी सोनापूरचे सहा फोटो पाठवले होते. बराच वेळ निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नाही. मग रात्री उशिरा मेसेज आला, "बसमध्ये खिडकी मिळाली का? संध्याकाळी देऱ्याकडे जाताना उजवीकडे बसायचं. डावीकडून ऊन लागतं."