पोटातले गणित

गेल्या महिन्यात आमच्या वहिनींनी माझ्यापुढे एक मोठे पाकीट ठेवले. म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही मास्तर. एवढे माझ्या पोटातले गणित सोडवून सांगा." आत एम.आर.आय.चा अहवाल होता व अखेरीस एकच आकडा : ३. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात गाठ दिसली होती. पण ती कसली, हे तेवढ्यावरून ठरेना. 'कर्करोग' हा शब्द घरात कोणी उच्चारीत नव्हते. आणि मनात दुसरा शब्दही नव्हता.

मराठी शिकविणाऱ्यास हे गणित कोठून येणार? वहिनींबरोबर तज्ज्ञांकडे गेलो आणि विद्यार्थ्याप्रमाणे ऐकत बसलो. जे उमगले ते वाचक भगिनींपुढे ठेवतो.

इतर अवयवांतील गाठीचा तुकडा सुईने काढून तपासता येतो. अंडाशयाच्या गाठीबाबत सहसा तसे करीत नाहीत. गाठ कर्करोगाची असून अंडाशयापुरतीच असली, तर सुईच्या छिद्रातून रोगट पेशी पोटात पसरण्याचे भय असते. म्हणून गाठीस न शिवता तिचा स्वभाव ओळखणे अगत्याचे.

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. बलवान चुंबक व रेडिओलहरी यांच्या साह्याने शरीराचे चित्र उमटते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता या चित्राला दोन नव्या युक्त्यांची जोड मिळाली आहे. पहिलीत पाण्याच्या कणांची हालचाल पाहतात. रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्यापुढे जसे पाऊल टाकता येत नाही, तसे दाट पेशींच्या गर्दीत पाणी अडते. परंतु काही निरुपद्रवी गाठींतही ते अडते. म्हणून दुसरी युक्ती. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य सोडतात आणि काही सेकंदांच्या अंतराने चित्रे घेत जातात. गाठीचा घन भाग ते द्रव्य गर्भाशयाच्या स्नायूपेक्षा झपाट्याने घेऊ लागला, तर शंका बळावते; सावकाश घेतला, तर ओसरते.

या साऱ्यावरून १ ते ५ असा 'ओ-रॅड्स' गुणांक देतात. १ म्हणजे सारे ठीक. २ असता कर्करोगाचा संभव शंभरात अर्ध्याहूनही कमी, ३ असता सुमारे ५, ४ असता सुमारे ५० आणि ५ असता सुमारे ९०. परीक्षेत अधिक गुणांचा आनंद, येथे उलट.

हा आकडा अंतिम निकाल नव्हे. तो काढलेल्या गाठीच्या तपासणीनंतरच लागतो. मात्र पुढची वाट त्याने ठरते. आकडा लहान असला, तर पुष्कळदा नुसती देखरेख किंवा छोटी शस्त्रक्रिया पुरते; तरुण स्त्रीचे अंडाशय वाचू शकते. तो ४ वा ५ असला, तर प्रथमच स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यतज्ज्ञाकडे जावे. कारण पहिली शस्त्रक्रिया कशी होते यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

याचा अर्थ प्रत्येकीने तपासणीस धावावे असा नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला व त्यांतील सुमारे निम्म्या स्त्रियांची रक्तचाचणी वा सोनोग्राफी यांद्वारे पाहणी झाली. तीमुळे या रोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. मात्र पोट सतत फुगणे, दोन घास खाताच भरल्यासारखे होणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे ही लक्षणे नव्याने सुरू होऊन काही आठवडे टिकली, तर, विशेषतः पन्नाशीनंतर, डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

वहिनींनी पोटफुगीचे चार महिने ओवा-हिंगावर काढले. "सणावारात कोणाला सांगायचे?" हे त्यांचे उत्तर. त्या काळात मी कितीदा तरी त्यांच्या हातचे जेवून उठलो. त्यांच्या ताटातला भात तसाच राहतो, हे माझ्या ध्यानी आले नाही. आकडा ५ निघाला असता, तर ते चार महिने आम्हांस कोणी परत दिले नसते.

पुढील आठवड्यात वहिनींची शस्त्रक्रिया आहे. बांधवांनो, आज घरी जेवताना समोरच्या ताटाकडेही पाहा, आणि विचारा.