बुद्ध्यंकाची सरासरी आणि अवधानाचा प्रश्न

प्रज्ञावंत मुलाला अवधानाची अडचण असेल, तर बुद्धिमापनाच्या अहवालातला सर्वांत ठळक अंकच त्याच्याविषयी सर्वांत कमी सांगणारा असू शकतो. एकूण बुद्ध्यंक हा निरनिराळ्या क्षमतांच्या मापनातून काढलेला एकत्रित अंक आहे. त्या क्षमता साधारण एका पातळीवर असतील तोवरच तो मुलाचे विश्वासार्ह वर्णन करतो. अहवाल वाचताना ही अट सहसा विसरली जाते.

वेक्स्लर बालबुद्धिमापन श्रेणीच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत एकूण बुद्ध्यंक सात उपचाचण्यांवरून काढतात. पाच उपचाचण्या शाब्दिक आकलन, अवकाशीय जाण आणि तर्क मोजतात. उरलेल्या दोन, अंकस्मरण आणि संकेतलेखन, यांचा संबंध अनुक्रमे कार्यरत स्मृती आणि प्रक्रियेचा वेग यांच्याशी आहे. प्रत्येक उपचाचणीची सरासरी १० असते. समजा, एखाद्या मुलाला पहिल्या पाचांत १४ ते १८ आणि शेवटच्या दोनांत ७ ते ९ गुण मिळाले. त्याचा एकूण बुद्ध्यंक १२५ च्या आसपास येईल, तर केवळ त्या पाचांवरून काढलेला सामान्य क्षमता निर्देशांक १३५ च्या पुढे जाईल. १३० ची सीमारेषा मानणाऱ्या प्रज्ञावंतांच्या निवडीत हे मूल गळते. आणि १२५ हा अंक चांगलाच असल्यामुळे त्याला मदत हवी असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. बलस्थान अडचणीला झाकते, अडचण बलस्थानाला, आणि मूल 'हुशार पण आळशी' ठरते.

गुणांच्या बेरजेआधीही एक गोष्ट घडते. बहुतेक उपचाचण्यांत प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि ठरावीक संख्येने सलग उत्तरे चुकली की उपचाचणी थांबवली जाते. लक्ष काही क्षण सुटले आणि तेवढ्यात सलग चुका झाल्या, तर पुढचे अवघड प्रश्न, जे हे मूल कदाचित सोडवू शकले असते, विचारलेच जात नाहीत. म्हणजे अवधानाचा परिणाम तर्काच्या गुणांतही शिरू शकतो.

अडचण अशी झाकली जाण्याचा धोका आपल्याकडच्या जुन्या चाचण्यांत अधिक आहे. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी १९४९ च्या मूळ वेक्स्लर श्रेणीवरून भारतीय मुलांसाठी केलेल्या चाचणीत शाब्दिक आणि कृतिप्रधान असे दोनच विभाग आहेत. अंकस्मरण पहिल्यात मोडते, संकेतलेखन दुसऱ्यात. अवधान कमकुवत असेल तर दोन्ही विभागांचे अंक थोडेथोडे उतरतात, त्यांच्यातली तफावत लहानच राहते, आणि ती लहान आहे म्हणून 'क्षमता समतोल आहेत' असा निष्कर्ष निघू शकतो. अडचण दोन्हीकडे वाटली गेल्यामुळेच दिसत नाही. कामत यांनी केलेल्या बिने चाचणीच्या भारतीय रूपात तर मानसिक वय आणि प्रत्यक्ष वय यांच्या गुणोत्तरातून मुख्यतः एकच अंक हाती येतो.

मात्र याच्या उलट टोकाला जाणेही तितकेच चुकीचे. कमी गुणांच्या उपचाचण्या वगळून आलेला अंक 'खरा बुद्ध्यंक' नव्हे. वर्गात लिहिताना, वेळेत पेपर पुरा करताना याच स्मृतीची आणि वेगाची गरज लागते. शिवाय उपचाचण्यांतील चढउतार कोणतीही अडचण नसलेल्या मुलांतही वारंवार आढळतात. संकेतलेखनातील कमी गुणांमागे अतिकाटेकोरपणा असू शकतो किंवा हाताच्या सूक्ष्म हालचालींतील अडचण. म्हणून केवळ बुद्धिचाचणीच्या आलेखावरून एडीएचडीचे, म्हणजे अवधान-कमतरता व अतिचंचलता विकाराचे, निदान करणे शास्त्राला धरून नाही. शांत खोलीत, एकाच प्रौढासमोर, सतत बदलणाऱ्या कामांत मूल तासभर स्थिर बसले, एवढ्यावरून ते निदान नाकारणेही तसेच. लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, हे पालक आणि शिक्षक यांच्याकडूनच कळते.

अहवाल हाती आला की पालकांनी एकूण बुद्ध्यंकाच्या पलीकडे पाहावे. प्रत्येक उपचाचणीचे गुण, मापनातील संभाव्य त्रुटीची मर्यादा आणि चाचणी घेताना केलेल्या नोंदी मागून घ्याव्यात. कुठे लक्ष सुटले, सोपे प्रश्न चुकून अवघड सुटले का, हे विचारावे. आणि तफावत मोठी असेल, तर कठीण अभ्यासक्रम आणि अवधानासाठीचे साहाय्य या दोन्हींची मागणी शाळेकडे एकाच वेळी करावी. एक मिळण्यासाठी दुसरे सोडू नये.