एकाच खांबावर रस्ता आणि मेट्रो : नागपूरचा हिशेब, इंदूरचा प्रश्न

आपल्या मंडळातील कितीतरी घरांचे नागपूरशी माहेर-सासरचे नाते आहे. तिकडून आलेली मंडळी वर्धा रोडच्या दुमजली पुलाचे कौतुक सांगतात : खाली जुना रस्ता, मध्ये उड्डाणपूल, सर्वांत वर मेट्रो. कौतुक रास्तच आहे. पण आपल्या दृष्टीने त्यामागचा हिशेब अधिक महत्त्वाचा.

कल्पना तशी जुनीच. दिल्लीत यमुनेवरचा लोखंडी पूल १८६६ चा. त्यावर वरून रेल्वे आणि खालून रस्ता. काशीला राजघाटाचा पूल १८८७ चा. तिथे खाली रेल्वे आणि वर रस्ता. नदीत पाया घालणे खर्चिक, म्हणून एका पायावर दोन्ही कामे भागवली. आजच्या शहरात तशीच महाग झाली आहे ती जागा.

वर्धा रोडवर महामार्गाचा उड्डाणपूल आणि मेट्रो या मुळात दोन वेगळ्या योजना होत्या. त्या एकत्र केल्याने खांब, पाया आणि खोदकाम दोनदा करावे लागले नाही. ३.१४ किलोमीटरच्या या पुलावरचा रस्ता नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला आणि २०२२ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढे कामठी रोडवरही सुमारे साडेपाच किलोमीटरचा असाच पूल झाला. तिथे मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये धावली, उड्डाणपूल मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. म्हणजे खांब सामाईक असले तरी कामे एकदमच पुरी होतात असे नाही.

उलट उदाहरण पुण्याचे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या आड येत होता, म्हणून उभारल्यावर दीड दशकाच्या आतच, २०२० मध्ये, तो पाडावा लागला. तिथे पुन्हा दुमजली पूल बांधण्यात आला. एकाच जागेसाठी जनतेचा पैसा दोनदा गेला.

आपल्या इंदूरला मेट्रो ३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉरवर सुरू झाली. बीआरटीएस काढण्याचाही निर्णय झाला. एलआयजी ते नवलखा उन्नत मार्गाची चर्चा तर आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. दुमजली पूल हा सगळीकडचा तोडगा नव्हे. राजवाड्याच्या बोळांत तो मावणार नाही. वरच्या मजल्यावरच्या स्थानकाला लिफ्ट आणि सरकते जिने नसतील तर आपल्यासारख्या ज्येष्ठांनी चढायचे कसे? शिवाय सामाईक खांबाच्या देखभालीचा खर्च कोणी उचलायचा, हे आधीच लेखी ठरलेले हवे. संयुक्त खाते उघडताना व्यवहार कोण करणार हे आपण लिहून देतोच ना!

म्हणून नव्या पुलाची घोषणा झाली की आपण नागरिकांनी एवढेच विचारावे : रस्तेवाल्यांनी आणि मेट्रोवाल्यांनी एकमेकांचे नकाशे पाहिले आहेत का? कुदळ पडण्यापूर्वी हा प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही. नंतर मात्र त्याची किंमत आपल्याच करातून जाते.