दारात येणारी आशाताई

आपल्या हळ्ळीखेड (बी) गावात बाळंतीण घरी आली की आशाताई दाराशी येते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. ही रीत एका संशोधनातून आली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, नाहीतर 'वर्षच बरं गेलं' असं कुणीही म्हटलं असतं. तिसऱ्या वर्षी, त्या गावांच्या तुलनेत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. २०११ पासून देशभर आशाताई ४२ दिवसांत सहा-सात फेऱ्या करतात. मुलांनो, घरात पाळणा हलला की तिला 'नंतर या' म्हणू नका.