परदेशी अनुदान, गावचा प्रकल्प आणि पवनारची आठवण

वर्ध्याहून नागपूरकडे येताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. १९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा भावे येथे राहावयास आले. १९५९ मध्ये त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर येथेच स्थापन केले. या दोन घटनांच्या दरम्यान, १९५०च्या सुमारास, आश्रमात एक प्रयोग झाला. विनोबांनी त्यास ‘कांचनमुक्ती’ हे नाव दिले. दात्यांच्या पैशावर चालणारी सेवा सोडावी आणि स्वतःच्या श्रमावर जगावे, हा त्यामागील विचार होता. बैलांवाचून शेती, हाताने खणलेली विहीर, स्वतः पिकवलेला भाजीपाला असा तो क्रम. १९५१च्या भूदान पदयात्रेस विनोबा निघाले ते याच प्रयोगातून उठून.

आज ही आठवण काढण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळे व बचत गट एक प्रश्न वारंवार विचारतात: विविध देशांचे दूतावास गावपातळीवरील प्रकल्पांना लहान अनुदाने देतात, ती आपल्याला मिळतील काय? अशा योजना आहेत, यात शंका नाही. जपान सरकार तळागाळातील प्रकल्पांसाठी असे साहाय्य देते. ऑस्ट्रेलियाचा ‘डायरेक्ट एड प्रोग्राम’ही याच स्वरूपाचा आहे. शाळेच्या खोल्या, रुग्णवाहिका, पाण्याची व्यवस्था अशी डोळ्यांना दिसणारी कामे त्यांतून होतात. पण मार्ग पूर्वीसारखा राहिलेला नाही.

परदेशी सरकारने दिलेली रक्कम, ती दूतावासातून मिळो वा वाणिज्य दूतावासातून, कायद्याच्या दृष्टीने परदेशी योगदानच ठरते. या विषयावरील पहिला कायदा आणीबाणीच्या काळात, १९७६ साली झाला. त्याची जागा २०१०च्या कायद्याने घेतली. नोंदणीसाठी संस्थेस किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या काळात मूळ कार्यावर पंधरा लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. नोंदणी पाच वर्षांपुरती असते. एखाद्या गावच्या मंडळाने पंधरा लाख कोठून दाखवावेत? त्यांच्यासाठी पूर्वपरवानगीची वाट आहे: एक दाता, एक ठराविक रक्कम, एक ठराविक काम. मात्र दात्याचे वचनपत्र, प्रकल्पाचा आराखडा, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपूर्वी विवरणपत्र, यांतून तेथेही सुटका नाही.

खरा बदल सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने घडवला. तोपर्यंत नोंदणीकृत मोठी संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेस रक्कम देऊ शकत असे, आणि शासनाच्या अनुमतीने मर्यादित प्रमाणात इतरांसही. आपल्या धर्मप्रांतीय समाजसेवा संस्थांचे कार्य बरेचसे याच साखळीवर उभे होते. जर्मन धर्माधिकाऱ्यांनी १९५८ मध्ये स्थापलेली मिझेरिओर किंवा १९६२ पासूनची कारितास इंडिया यांच्याकडून आलेले साहाय्य पायरी-पायरीने गावापर्यंत उतरत असे. दुरुस्तीने असे हस्तांतर सर्वस्वी बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली; परदेशी देणगी स्वीकारणे हा कोणाचा निरपवाद हक्क नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. पैशाचा माग राहावा, हा शासनाचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचे ओझे मोठ्या संस्थांपेक्षा लहानांवर अधिक पडले, हे आमचे मत आम्ही दडवू इच्छित नाही.

याचा परिणाम असा की, आता परदेशी पैशातून होणारे काम नोंदणीकृत संस्थेने स्वतःच करावे लागते. मग ‘लोकांनी चालवलेला प्रकल्प’ या शब्दांना अर्थ काय उरतो? पैसा संस्थेचा, पावत्या संस्थेच्या, आणि गावकरी केवळ लाभार्थी, अशी स्थिती होण्याचा धोका आहे.

येथे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अनुभव पाहावा. स्वीस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत येई, म्हणजे वाट निराळी होती. पण अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रथम गावाने श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी मान्य करावी, पाणलोट समिती निवडावी, आणि त्यानंतरच मोठ्या कामाला हात घालावा. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे या रीतीने उभी राहिली. चराईबंदीची झळ मेंढपाळांना व भूमिहीनांना अधिक बसते, हेही तेथे दिसले; तेव्हा ‘गावाने ठरवले’ म्हणताना गावातील कोणी ठरवले, हे विचारलेच पाहिजे.

कांचनमुक्तीचीही किंमत होती. १९५६ साली पळणी येथे विनोबांनी भूदान चळवळ निधीपासून मुक्त करण्याचे ठरवले. गांधी स्मारक निधीचे साहाय्य थांबले, जिल्ह्याजिल्ह्यांतील भूदान समित्या विसर्जित झाल्या आणि पुढे कार्याचा वेग मंदावला. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने पवनारचे अनुकरण करावे, असे आम्ही म्हणणार नाही. दवाखाना श्रमदानावर चालत नाही.

तथापि अर्ज लिहिण्याआधी एक गोष्ट करता येईल. जपानच्या योजनेसारखी अनुदाने बांधकाम वा साधनसामग्रीसाठी असतात. पगार, वीजबिल, दुरुस्ती यांसाठी नसतात. तेव्हा पंप बसल्यानंतर दरमहाचे वीजबिल कोणी भरायचे, नादुरुस्त झाल्यास वर्गणी किती, आणि ज्या घराला वर्गणी परवडत नाही त्याला पाणी कसे द्यायचे, याचा लेखी ठराव ग्रामसभेत, महिलांच्या उपस्थितीत, आधीच व्हावा. अर्जाचे नमुने, तीन दरपत्रके, हिशेब यांत समाजसेवा केंद्रातील लेखापाल साहाय्य करू शकतील. ठराव मात्र त्यांच्याकडून लिहून घेऊ नये.